‘लाइन’चा दोरा कसा पकडावा

परळच्या एका रात्रशाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरतो. समोर बसलेल्यांपैकी कुणी दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटून आलेलं असतं, कुणी शिवणाच्या कारखान्यात काज-बटण करून, कुणी चार घरची धुणीभांडी आटपून. एका गुरुवारी कुरिअरवाला मुलगा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “बाई, ह्या ‘लाइन’चा नक्की अर्थ काय? डिक्शनरीत कॉलमच्या कॉलम भरलेत. त्यातला कुठला पाठ करू?”

मी म्हटलं, एकही नको. आधी दोरा शोधू.

त्या दिवसापासून मी वर्गात ज्या पद्धतीने शब्द सोडवते, ती इथे लिहिते आहे. तुमच्या घरी दहावीचं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः पन्नाशीत इंग्रजी धड करायला बसला असाल, तर तुम्हालाही ती जमेल. एक चाळीस पानी वही आणि आठवडाभराचा वेळ हवा.

पहिला आठवडा कोश बंद ठेवायचा. शब्द कानावर पडेल तिथे ते वाक्य जसंच्या तसं टिपायचं. नुसता ‘लाइन’ एवढाच शब्द लिहिलात तर चार दिवसांनी त्यातून काही कळणार नाही, म्हणून वाक्य पूर्ण लिहायचं. मुंबईत ‘लाइन’ टिपायला दोन दिवसही पुरतात. माझ्या वर्गाच्या वह्यांतून आलेली ही काही: ‘मी वेस्टर्न लाइनला राहतो.’ ‘रेशनला ही मोठी लाइन.’ ‘आमच्या लायनीत उधारी चालत नाही.’ ‘साहेबांची लाइन बिझी आहे.’ ‘मामा पोलीस लाइनीत राहतात.’ ‘नाक्यावरची पोरं लाइन मारतात.’ ‘कार्टं आता कुठे लायनीवर आलंय.’ ‘ब्लाउजला लायनिंग लावायचं का?’ ‘बॉलरची लाइन सुटली.’ ‘अठरा लाइनची बटणं संपली.’ शेवटचं वाक्य कारखान्यातल्या मुलीचं. ते मला स्वतःलाच नवीन होतं, आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला तेच आलं.

वही भरली की प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारायचा: यातलं हाताने धरता येईल असं काय आहे? रांग हातात धरता येत नाही, धंदा येत नाही, बिझी असलेली लाइन येत नाही. शब्दाचे अर्थ माणसांनी हवेत बसून काढलेले नसतात. कुठल्या तरी कामात, कुठल्या तरी वस्तूवर तो शब्द आधी बसलेला असतो. ती वस्तू सापडली की बाकीचे अर्थ आपोआप तिच्या मागे उभे राहतात.

‘लाइन’ची वस्तू मी लहानपणीच पाहिली होती, फक्त ती ‘लाइन’ आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या गिरगावच्या चाळीत दाराची चौकट बदलायला सुतार आला होता. मी सातवीत असेन. त्याने एका वाटीत काव कालवली, सुताची दोरी तीत बुडवली, दोन बोटांतून निथळून काढली. एक टोक फळीच्या कडेच्या खिळ्याला अडकवलं, दुसरं अंगठ्याखाली दाबून दोरी ताणली. मग मधोमध चिमटीत धरून ती वर उचलली आणि सोडली. टण्ण असा बारीक आवाज झाला. दोरी बाजूला केली तर फळीवर तांबडी रेघ उमटलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे केसभरही वाकडी नाही. तो शेजारच्या पोराला म्हणाला, “सूत मारलं, आता करवत घे.”

दोऱ्याची रेघ होते ती अशी, आपल्या डोळ्यांदेखत. ‘लाइन’ या शब्दाच्या बाबतीत नेमकं हेच घडलेलं आहे. लॅटिनमध्ये ‘लिनेआ’ म्हणजे आधी जवसाच्या वाखाचा दोरा, मग ताणलेली दोरी, मग गवंड्याची ओळंब्याची दोरी, आणि मग त्या दोरीने आखलेली रेघ, सीमा. हा ‘लिनेआ’ आला ‘लिनम’पासून, आणि ‘लिनम’ म्हणजे आपलं जवस, कोकणात ज्याला अळशी म्हणतात ते. आपण त्याचं बी भाजून चटणी करतो, तेल काढतो. युरोपात त्याच्या खोडांना मान होता. खोडं पाण्यात कुजवायची, धुवायची, बडवायची आणि तंतू मोकळे करायचे. अंबाडीपासून वाख काढताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको. कार्ल लिनियसने १७५३ साली या झाडाला नाव दिलं ‘लिनम उसिटाटिसिमम’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अतिशय वापरातलं’.

आता कोश उघडा, पण अर्थांची यादी वाचू नका. शब्दाच्या नोंदीत सुरुवातीला किंवा शेवटी चौकोनी कंसात लहान अक्षरांत काही खुणा असतात. मुलं तो भाग ओलांडून पुढे जातात आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. ‘ओई’ म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण अकराशे पन्नासपर्यंतची. ‘एमई’ म्हणजे त्यानंतरची, साधारण पंधराशेपर्यंतची. ‘ओएफ’ म्हणजे जुनी फ्रेंच, ‘एल’ म्हणजे लॅटिन. शब्दाच्या आधी छोटी चांदणी असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नियमांवरून बांधलेलं आहे. एवढ्या खुणा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

‘लाइन’च्या नोंदीत तुम्हाला दोन वाटा दिसतील. एक शब्द जुन्या इंग्रजीत आधीच होता, दोर आणि ओळ या अर्थांनी. दुसरा फ्रेंचमधून ‘लिन्य’ असा आला. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आत शिरला, त्यामुळे अशा जोड्या इंग्रजीत खूप झाल्या. वंश, घराणं हा अर्थ फ्रेंच वाटेने आलेल्या शब्दाजवळ होता, म्हणून वंशावळीला ‘लिनिएज’. दोन्ही वाटांचं मूळ लॅटिन दोऱ्यातच आहे. माहेरून एक आणि सासरहून एक असे दोन डबे आले आणि दोन्हींत एकाच पाककृतीचे लाडू निघाले, असं मी वर्गात सांगते.

मग वहीतली वाक्यं परत काढा आणि प्रत्येकात दोरा कुठे लपलाय ते शोधा. इथे घाई करू नका, हाच भाग मला सगळ्यात आवडतो.

ताणलेला दोरा सरळ असतो, म्हणून सरळ उभी राहिलेली माणसं लाइनीत. दोरा इथून तिथपर्यंत जातो, म्हणून तार, टेलिफोन, रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती ३४ किलोमीटरची एक लाइन होती. आज वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर म्हणताना आपण शहराचे तीन दोरे मोजत असतो. दोऱ्याने जमीन मोजतात, म्हणून हद्द आणि वाटा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात सोळाव्या स्तोत्रात ‘माझ्या वाट्याला चांगल्या जागी लाइन्स पडल्या’ अशा अर्थाची ओळ आहे. तिथल्या लाइन्स म्हणजे दोरीने मोजून दिलेली जमीन. वाट्याला आलेल्या जमिनीपासून ‘आमच्या लायनीत उधारी चालत नाही’ इथपर्यंत यायला फार चालावं लागत नाही.

‘मामा पोलीस लाइनीत राहतात’ यातली लाइन फौजेची. सैन्याचे तंबू किंवा बराकी ओळीने लावायच्या, त्या वस्तीला इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत, नेहमी अनेकवचनात. नागपूरचं सिव्हिल लाइन्स त्याच धर्तीवरचं, मुलकी साहेबांच्या वस्तीचं, आणि आमचं मरीन लाइन्स तर थेट फौजेचंच. पुष्कळांना वाटतं, समोर समुद्र आहे आणि मरीन ड्राइव्हची वळणदार रेघ आहे म्हणून स्टेशनचं नाव मरीन लाइन्स. मरीन ड्राइव्ह विसाव्या शतकातला. स्टेशनचं नाव त्याच्या आधीचं, तिथे असलेल्या मरीन बटालियनच्या लाइन्सवरून पडलेलं. मी त्या स्टेशनवर वर्षानुवर्षं उतरत होते आणि नावातला तो ‘स’ कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची सवय लावून घ्या. शब्दाच्या शेवटी चिकटलेलं एक अक्षरसुद्धा पुरावा असतं.

आता बटणं. कारखान्यातल्या मुलीला मी म्हटलं, अठरा लाइन म्हणजे किती, मोजून आणा. तिने शर्टाचं बटण आणलं, आम्ही पट्टीवर ठेवलं, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरलं. बटणांच्या धंद्यात ४० लाइन म्हणजे एक इंच. त्या हिशेबाने अठरा लाइन बरोबर तेवढीच. भुलेश्वरला बटणं घ्यायला गेलात तर हा आकडा कानावर पडेल. इंग्रजीत लाइन हे आणखी एक माप होतं, इंचाचा बारावा भाग. हे ऐकल्यावर वर्गातला एक फर्निचर पॉलिशवाला उठून उभा राहिला. म्हणाला, “बाई, आमच्यात इंचाचे आठ सूत!” बारीक माप सांगायला त्यांनी दोरा घेतला आणि आपणही दोराच घेतला. त्या संध्याकाळी मी पुढचा धडा घेतलाच नाही.

सूत आपल्याकडे काय काय करतं ते त्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहीत गेलो. सूत्र म्हणजे दोरा, आणि थोडक्यात बांधलेला नियमही. सूत्रधार दोरे हातात धरणारा. सुतार हा शब्दही त्याच सूत्राच्या कुळातला. दोन माणसांचं सूत जुळतं, सूत पकडून सांगितलेली गोष्ट सरळ जाते. इंग्रजी शब्दाला मराठी जोडीदार असा शोधून पाहिला की तो परका राहत नाही. प्रत्येक शब्दाला जोडीदार मिळेलच असं नाही. मिळाला तर मात्र मुलं तो शब्द जन्मात विसरत नाहीत.

यानंतर भावंडं गोळा करा. लिनन, लिनसीड, लायनिंग ही तर एका घरातली. कपड्याला आतून लिननचं कापड लावायचं, म्हणून लायनिंग. आपले शिंपी त्याला अस्तर म्हणतात. एक विद्यार्थी हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे लिनन म्हणजे चादरी, टॉवेल, नॅपकिन. पण कापड सगळं सुतीच.” फार मोलाचं निरीक्षण होतं ते. कापड बदललं तरी नाव मागे राहिलं. लिनोलियमच्या नावात लिनम आहे आणि तेलाला लॅटिनमध्ये म्हणतात ते ओलियम आहे. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६० च्या दशकात जवसाच्या तेलापासून ही फरशीवर अंथरायची जाड चादर काढली. आणि आझाद मैदानावर नवी बॅट घेतलेला मुलगा तिला अळशीचं तेल चोळून ठेवतो, तेव्हा त्याच्या बोटांना लागलेलं तेल आणि समोरच्या बॉलरची लाइन, दोन्ही एकाच झाडाची असतात.

भावंडं गोळा करताना तोतयेही आत शिरतात, आणि इथे मी स्वतः चुकलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात ‘डिक्लाइन’ हा लाइनचा नातेवाईक म्हणून शिकवला. रेघ खाली जाते, असं चित्रही फळ्यावर काढलं. एका विद्यार्थिनीने घरी कोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी हळूच वही पुढे केली. डिक्लाइन, इन्क्लाइन, रिक्लाइन यांचं मूळ लॅटिन ‘क्लिनारे’, म्हणजे झुकणं, कलणं. त्याचा दोऱ्याशी काही संबंध नाही. मी पुढच्या तासाला सगळ्यांना वह्या काढायला लावून ती ओळ खोडायला सांगितली. सलाइनही असंच. त्यात ‘साल’ म्हणजे मीठ आहे आणि पुढचं नुसतं शेपूट. ‘लिंगर’, म्हणजे रेंगाळणं, हा ‘लाँग’च्या घरचा. उलट ‘क्रिनोलिन’ हा शब्द ऐकून कुणालाच वाटणार नाही, पण तो घरचाच आहे. फ्रेंचमध्ये ‘क्रिन’ म्हणजे घोड्याचे केस आणि ‘लिन’ म्हणजे जवसाचा धागा. या दोन्हींचं ताठ कापड झग्याखालच्या परकराला वापरत.

कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे, हे मराठीतच तपासून पहा. ओळ आणि ओळंबा सख्खे वाटतात ना? ओळंबा आला अवलंबपासून, लटकणं या अर्थाने. दोरीला टांगलेलं वजन ते. ओळ आली आवलीपासून, म्हणजे दीपावलीतल्या आवलीपासून. म्हणून नातं जोडण्याआधी मधली कडी मागा. जुनं रूप कोणतं आणि मधला अर्थ कोणता, ही दोन उत्तरं मिळाली तरच वहीत पेनाने लिहा. तोपर्यंत पेन्सिल.

सालही पहा. ‘डेडलाइन’ हा शब्द ऑफिसात दिवसातून दहादा ऐकू येतो. तो अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तुरुंगातून आलेला आहे. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे १८६४ साली कैद्यांची छावणी होती. बाहेरच्या उंच कुंपणाच्या आत काही फुटांवर एक बुटका लाकडी कठडा घातलेला होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या कठड्याचं नाव ‘डेड लाइन’. तिथे सुमारे तेरा हजार कैदी मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगांनी. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द मजकुराची शेवटची वेळ म्हणून रुळला तो विसाव्या शतकात. एखाद्या अर्थाच्या मागे साल आणि जागा मिळाली की तो शब्द तोंडातून निघताना जरा वेगळा लागतो. मला तरी लागतो.

माझे वडील गिरगावातल्या छापखान्यात कंपोझिटर होते. एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, उचलून स्टिकमध्ये, हातातल्या छोट्या साच्यात, ओळ जुळवायची, ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी सारायची. १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात ओटमार मर्गेनथालरचं यंत्र बसलं, ते एकेका खिळ्याऐवजी पूर्ण ओळ शिशात ओतून काढायचं. ‘लाइन ऑफ टाइप’, म्हणून लिनोटाइप. जवसाच्या दोऱ्यापासून निघालेला शब्द शिशाच्या कांडीपर्यंत पोचला. वडिलांना हे मी सांगायला हवं होतं. ते गेल्यावर मला कळलं.

‘लाइन मारणे’चं काय, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. तो अर्थ लंडनच्या लोकांना कळणार नाही. तो इथे, आपल्या लोकांनी घडवलेला आहे. उसना आलेला शब्द आपल्याकडे राहून नवा संसार मांडतो, आणि तो संसारही वहीत तितक्याच मानाने लिहायचा.

कोश कुठले वापरावेत? इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्यात प्रत्येक अर्थाखाली तो कधी कुठे लिहिला गेला त्याची जुनी वाक्यं सालवार असतात. तो १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ ला पुरा झाला. त्याची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली, आणि त्याच साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. मराठी बाजूला मोल्सवर्थ, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश हे तिघे पुरतात. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, मोबाइलवरसुद्धा. पण एकदा तरी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जाडजूड खंड टेबलावर उघडून बसा. स्क्रीनवर तुम्ही मागाल तोच शब्द दिसतो, कागदावर त्याचे शेजारी पण भेटतात. ‘सूत’ शोधायला गेले होते तेव्हा ‘सुतार’ मला तसाच भेटला.

पुढच्या आठवड्यासाठी वर्गाला मी ‘बोर्ड’ दिला आहे. बोर्डाची परीक्षा, कॅरमबोर्ड, बोर्डिंग, कंपनीचा बोर्ड, गाडीवरचा बोर्ड. कोश अजून कुणी उघडलेला नाही. कारखान्यातल्या मुलीने पहिल्याच दिवशी वाक्य लिहून आणलं: ‘कटिंग मास्टरने बोर्डवर कापड पसरलं.’ मी विचारलं, तो बोर्ड कशाचा असतो?

“फळीचा, बाई,” ती म्हणाली, आणि तिथेच थांबून वहीत वरची सगळी वाक्यं पहिल्यापासून वाचू लागली.